तांड्याच्या वाटेवरची गुणगुण

आमच्या सांगलीतून हिंगोली जिल्ह्यात कोणी फिरायला जात नाही. मीही फिरायला गेले नव्हते. एक आवाज कुठून येतो ते शोधायला गेले होते.

माझं इन्व्हर्टर-यूपीएस दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान बंद केलं की घरी मी रेडिओवर उल्का ऐकते. हे ऐकून माणसं जरा थांबून माझ्याकडे बघतात, म्हणून काय प्रकार आहे ते आधीच सांगते. हजारभर किलोमीटर लांबचं एफएम केंद्र आपल्याकडे ऐकू येत नाही; जमिनीची गोलाई मध्ये येते. पण वर उल्का जळली की तिच्यामागे क्षणभर एक तापलेला पट्टा राहतो. त्यावर आपटून त्या लांबच्या केंद्राचा एखादा तुकडा खाली आपल्या अँटेनात पडतो. कधी गाण्यातला एक सूर, कधी परक्या भाषेतलं अर्धं अक्षर. आपण ते मोजायचं. ढग असोत, ऊन असो, काही अडत नाही. अँटेना, लॅपटॉपला लावलेला अंगठ्याएवढा रिसीव्हर आणि हेडफोन, एवढाच खर्चाचा आणि खटाटोपाचा भाग.

अडतं ते आजूबाजूच्या विजेच्या गोंगाटाने. शहरात तर एलईडी दिवेसुद्धा कावळ्यांसारखे ओरडतात. म्हणून कळमनुरी तालुक्यातल्या खिल्लारे सरांचा मला हेवा वाटायचा. सर ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि त्यांची अँटेना शेतात आहे. कित्येक वर्षं आम्ही फोनवर आकडे जुळवत आलो, भेटलो कधीच नव्हतो. यंदा दिवाळीनंतर त्यांच्या रिसीव्हरमध्ये एक गुणगुण शिरली. दिवेलागणीला सुरू, सकाळी बंद. सरांनी केबल बदलली, मोबाइल टॉवरवाल्यांकडे तक्रार केली, फरक पडला नाही. मध्ये काही दिवस ती आपोआप गेली. तेव्हा त्यांनी फोन करून सांगितलं, ‘‘मॅडम, आभाळ साफ झालं.’’ मी म्हटलं, ‘‘पेढे वाटा.’’ मग ती परत आली.

डिसेंबरात मिथुन राशीकडून येणारा उल्कावर्षाव वर्षातला सगळ्यात भरवशाचा. तो गुणगुणीत बुडू द्यायचा नाही असं ठरवून मी निघाले. गावाचं नाव मी देणार नाही, माणसांची नावं बदललेली आहेत.

वारंगा फाटा

नांदेडकडून बसने फाट्यावर उतरले. चारी बाजूंनी ट्रक, टायरची दुकानं, कृषी केंद्रं आणि खिचडी. इथली खिचडी नावाजलेली आहे आणि ते नाव रास्त आहे. पिवळी, सैल, बरोबर भजी आणि तळलेली मिरची. आमच्याकडे खिचडी आजारी माणसाला देतात. इथे अख्खा ट्रक हाकणारी माणसं उभ्याने दोन-दोन प्लेटा संपवतात. माझी एक संपायच्या आत सर मोटरसायकल घेऊन आले. बारीक, पन्नाशीचे, स्वेटरवर स्वेटर.

‘‘मॅडम, फोनवर तुमी उंच वाटत होत्या,’’ ते म्हणाले.

‘‘तुम्ही फोनवर जाड वाटत होता.’’

एवढ्यावर ओळख संपली आणि मी मागे बसले.

वाटेत दोन्ही बाजूंना हळद उभी होती, पानं कडेने पिवळी पडलेली. सांगलीचा माणूस हळदीवर आपला मालकी हक्क समजतो. इकडची हळद बघितल्यावर तो हक्क मी मनातल्या मनात सोडला.

सरांच्या पत्नी उषाताई आरोग्य उपकेंद्रात नर्स आहेत. घराच्या बैठकीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांची रांग, आणि त्या रांगेच्या शेवटी सरांचे जुने, फुटके रिसीव्हर. जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडची भाकरी जाड असते, उषाताईंची कागदासारखी.

‘‘ताई, पोटभर घ्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मंग ह्यांचं घूं-घूं सुरू झालं की कोणाला जेवणाचं भान नसतंय.’’

सरांचं शेत

शेत गावाबाहेर, तांड्याला लागून. तांड्यातली माणसं बंजारा. यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचे. आता थोडी थोडी शेती आहे. डिसेंबरात निम्मी घरं कुलपात होती. माणसं ऊसतोडीला गेलेली, आणि कुठे तर आमच्याच बाजूच्या कारखान्यांवर. सांगलीत रस्त्याच्या कडेला त्यांच्या पालांजवळून मी रोज जाते. त्यांची कुलूप लावलेली घरं पहिल्यांदा पाहिली.

सरांच्या पत्र्याच्या खोलीवर अँटेना होती. बाहेर बाजेवर तांड्याचे नाईक बसले होते. नाईक म्हणजे तांड्याचा कारभारी. सत्तरी ओलांडलेली, मिशी मात्र तरुण.

‘‘सर, पावणीला आणलं व्हय तुमचं घूं-घूंचं पाखरू धरायला?’’

‘‘धरणारच आहेत त्या, नाईक.’’

‘‘धरा बापा. तुमाला आभाळातलं ऐकू येतंय, शेजारचं न्हाई येत.’’

सर हसले, मीही हसले. नाईक हसले नव्हते, हे मला नंतर आठवलं.

दिवे लागले आणि गुणगुण आली. हेडफोन कानाला लावल्याबरोबर कळलं की हा टॉवर नाही आणि कोणाचा चार्जरही नाही. जाड, खरखरीत, मध्येच तडतडणारा आवाज. दुकानात ओली झालेली सर्किटची पाटी चुकून कोणी चालू केली की असाच आवाज येतो. पहाटे पुन्हा ऐकलं. दव पडत गेलं तसा तो वाढत गेला. उजाडायला लागलं आणि तो एका झटक्यात थांबला. मावळत गेला नाही, कोणीतरी बटण दाबल्यासारखा तुटला. लगेच मागच्या शांततेतून बंगाली गाण्याचा एक तुकडा टपकला, मग निवेदकाचं अर्धं वाक्य. सरांनी माझ्याकडे शाळेतल्या मुलासारखं बघितलं.

‘‘सर,’’ मी म्हटलं, ‘‘हे यंत्र नाही. उघडी तार आहे, चारशे-पाचशे मीटरच्या आत. ओल्या गवताला लागते आहे.’’

सरांचा चेहरा बदलला. ‘‘रानडुकरांसाठी कोणी लावली असंल,’’ ते हळू म्हणाले.

‘‘घरातला करंट?’’

त्यांनी लॅपटॉप मिटला. दिवसभर ते कॉलेजात होते, मी उपकेंद्राच्या ओट्यावर बसून अँटेना जोडली. सुताराच्या मोजटेपची पोलादी पट्टी कापायची, प्लॅस्टिकच्या पाइपावर आडवी बसवायची. हलकी, हातात धरून फिरवता येते आणि जिकडे तोंड करावं तिकडचंच ऐकते. लेकरांना लस टोचून घ्यायला आलेल्या बाया बघून जात होत्या. एकीने विचारलं, ‘‘ह्याच्यानं ताप मोजतात का?’’ उषाताई एरवी बोलक्या. त्या दिवशी माझ्या हातांकडे बघत गप्प होत्या.

तांड्याची वाट

दिवेलागणीला मी आणि सर निघालो. पुढे मी, हातात पाइप. मला शोध घ्यायला आवडतो. डावीकडे वळवलं की आवाज पडतो, उजवीकडे वळवलं की चढतो; पायाखाली न बघता माणूस चालत राहतो. तीच चूक आम्ही दोघंही करत होतो. कानात वाढत जाणाऱ्या आवाजाच्या आनंदात मी तांड्याच्या मागच्या पायवाटेने हरभऱ्याच्या एका तुकड्यापर्यंत आले, आणि हेडफोन काढल्यावरही आवाज चालूच राहिला. गवतात बारीक तडतड. मी सरांचा स्वेटर धरून त्यांना मागे ओढलं.

वाटेला लागून, गुडघ्याच्या खाली, काड्यांवर एक तार ताणलेली होती. काड्यांना पाण्याच्या बाटल्यांचे तुकडे बांधलेले. तार हरभऱ्याला वेढा घालून तांड्याच्या शेवटच्या घराच्या खिडकीत शिरत होती.

‘‘कोण हाय तिकडं? पुढं येऊ नका. वायर चालू हाय.’’

टॉर्च घेऊन एक बाई आली. तिशीची असेल. कपाळ मोकळं.

‘‘सुनीता,’’ सर माझ्या कानाशी म्हणाले. ‘‘प्रल्हाद राठोडची मालकीण. तो गेला मागल्या महिन्यात.’’

‘‘कशाने?’’ मी सरांना नाही, तिलाच विचारलं.

‘‘छातीत कळ आली.’’

‘‘कुठे?’’

टॉर्च तिने खाली केली. दारात तिची सासू येऊन उभी राहिली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी तुटक बोलली. सुनीताने तिला हाताने थांबवलं.

‘‘तुमाला समजलंच हाय, त काहून इचारून राहिल्या, बाई?’’

सरांनी हातातली लॅपटॉपची पिशवी खाली ठेवली. मधले ते काही दिवस कोणते होते ते आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं. आभाळ साफ झालं होतं. घरात सुतक होतं, तार बंद होती.

मी म्हटलं, ‘‘ही आत्ताच्या आत्ता बंद करा.’’

‘‘केली त डुकरं येतील.’’

‘‘राखण बसवा.’’

‘‘कोणाला? समदे तुमच्याकडंच गेलेत ऊस तोडायला. ते एकटे व्हते म्हणून त लावली त्यांनी. चार रात्री जागले, पाचव्या दिशी वायर आणली.’’ तिचा आवाज चढत नव्हता. ‘‘मी लेकरायला घरात घेते, दार लावते, मंग बटन दाबते. झुंजुरक्याला पयलं बटन, मंग चूल. तांड्यात समद्यांना ठावं हाय. कोणी इकडं पाय टाकत न्हाई.’’

‘‘आणि बाहेरचं कोणी आलं तर?’’

‘‘बाहेरचं कोण येतंय इथं.’’

‘‘आम्ही आलो.’’

तिने टॉर्च आमच्या तोंडावर धरली. मग आत गेली. गवतातली तडतड थांबली.

रात्री उषाताईंनी ताट वाढलं, पण स्वतः बसल्या नाहीत. भिंतीला टेकून म्हणाल्या, ‘‘मला बोलावलं व्हतं, प्रल्हाद गेला त्या दिवशी. पिंढरीवर काळा डाग व्हता, बोटाएवढा. मी म्हटलं, मोठ्या दवाखान्यात न्या. म्हातारी माझ्या पाया पडली. म्हणाली, आता फाडून काय करता. मी मंग काही बोलले न्हाई.’’

सरांनी हातातला घास खाली ठेवला. ‘‘तू मला सांगितलं नाहीस.’’

‘‘तुमी तवा आभाळ साफ झालं म्हणून खुशीत व्हते.’’

मी विचारलं, वीजवाल्यांना कळवायचं का. उषाताई म्हणाल्या, ‘‘कळवा. पयली केस तिच्यावरच व्हईल. मंग लेकरायला कोण बघंल, तेबी कळवून ठेवा.’’

मी कळवलं नाही. अजूनही नाही.

हरभरा

दुसरी पहाट वर्षावाची. इतकं स्वच्छ मी आयुष्यात ऐकलेलं नाही. एकामागून एक उल्का येत होत्या. गाण्याचे तुकडे, हसणं, कुठल्याशा जाहिरातीचे दोन शब्द, एक लांबलचक ठोका ज्यात पूर्ण ओळ ऐकू आली. सर बोटांवर मोजत होते, मग मोजायचं सोडून नुसते ऐकत बसले. आदल्या रात्रीचं सगळं आमच्या डोक्यातून गेलं होतं, असं लिहावं लागतं, कारण तसंच झालं.

उजाडल्यावर बाहेर आलो तर सुनीता बांधावर उभी होती. हरभऱ्याचा निम्म्याहून जास्त तुकडा नांगरल्यासारखा उलटा झाला होता. रोपं मुळांसकट वर, घाटे चावून थुंकलेले, ओल्या मातीत खुरांचे ठसे. आम्ही खोलीत बसलो होतो तेवढ्या वेळात.

‘‘झालं का तुमचं ऐकून?’’ ती म्हणाली.

सर खाली बसले आणि एक रोप उचलून परत मातीत लावायला लागले.

‘‘ऱ्हाऊ द्या, सर. ते आता लागत नसतंय.’’

नाईक काठी टेकत आले. त्यांनी रान बघितलं, मग मला बघितलं.

‘‘पावणीबाई, तुमी बराबरच बोलल्या. वायर वाईटच. पण तुमी बराबर बोलून उद्या जाणार. डुकरं न्हाई जाणार.’’

‘‘नाईक, तुम्हाला माहीत होतं. एक माणूस मेल्यावरसुद्धा चालू दिलीत.’’

‘‘व्हय,’’ ते म्हणाले. ‘‘मी रोज सांजेला ह्या वाटेच्या तोंडाशी बसून ऱ्हातो, कोणी परका येईल म्हणून. परवा बसलो, काल अंग गरम व्हतं, न्हाई बसलो. काल तुमी आल्या.’’

पुन्हा फाटा

झटका मशीन फाट्यावरच्या कृषी केंद्रात दारातच टांगलेली होती. सुनीताच्या नवऱ्याने ती पाहिली असणारच. सौर पाटी, बॅटरी आणि एक डबा. डबा तारेत सेकंदाला एकदा मोठा पण निमिषभराचा धक्का सोडतो. जनावर दचकून मागे जातं, कोणी मरत नाही. मी अशा डब्यांची आतडी दुकानात रोज बघते. घ्यायला दहा मिनिटं लागली.

दुकानाच्या पायरीवर मी सरांना म्हटलं, ‘‘तुम्हाला माहीत आहे ना, हे दर सेकंदाला तुमच्या अँटेनात टिकटिकणार? चारशे मीटरवर. गुणगुणीतून थोड्या तरी उल्का निघत होत्या. ह्याच्यातून मोजणी होणार नाही.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘अँटेना दुसरीकडे हलवता येईल.’’

‘‘शेत कुठं हलवू, मॅडम?’’ त्यांनी डबा टाकीवर ठेवला. ‘‘बसा.’’

दुपारभर आम्ही काम केलं. जुनी तार तीच ठेवली, बाटल्यांचे तुकडे काढून खरे इन्सुलेटर लावले, जमिनीत सळई ठोकली, सुनीताने दोन घागरी पाणी ओतून तिथली माती ओली ठेवली. सासू दारात बसून सगळं बघत होती. तिने मध्येच आमच्यासाठी काळा चहा आणला. खिडकीतून येणारी वायर मी बोर्डातून काढून गुंडाळली. गुंडाळताना सुनीताने हात पुढे केला, म्हणून ती तिला दिली. वायर काय, फाट्यावर मापाने मिळते. लपवून उपयोग नव्हता.

मशीन चालू केली. टिक. टिक. डब्यावरचा लाल दिवा तेवढ्याच तालात.

‘‘ह्याच्यानं मरत न्हाई?’’ सुनीताने विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘डुकर बी?’’

‘‘नाही. पळतं.’’

‘‘अन् मानूस?’’

‘‘नाही.’’

ती अनवाणी होती, माती ओली होती. मी पुढचं काही बोलायच्या आत तिने वाकून तार मुठीत धरली. तिचा दंड उडाला, मूठ सुटली, ती एक पाऊल मागे आली. सासू ओरडत धावली. सुनीता हाताकडे बघत होती. मग बांधावर बसली.

‘‘एवढंच?’’ ती म्हणाली.

तिने पदर तोंडावर घेतला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. सर तिच्यापासून जरा लांब, पण तिच्याच बांधावर बसले. मी हत्यारं गोळा केली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

सकाळच्या बसने मी निघाले. उषाताईंनी भाकरी, चटणी आणि ओल्या हळदीच्या लोणच्याची बरणी बांधून दिली.

सांगली

आता इथे बसून हे लिहिते आहे. सरांचा फोन येतो, पण आकडे येत नाहीत. त्यांनी उल्का मोजायचं सोडलं आहे. अँटेना मात्र उतरवलेली नाही. दिवे लागले की ते शेतातल्या खोलीवर जातात आणि हेडफोन कानाला लावतात. टिकटिक आली की हेडफोन काढून घरी येतात, जेवायला बसतात.

दोनदा टिकटिक आली नाही, गुणगुण आली. दोन्ही वेळा सरांनी मोटरसायकल काढली आणि वाटेच्या तोंडाशी उभे राहून लांबूनच हाक मारली. पहिल्या वेळी बॅटरी उतरली म्हणून सुनीताने जुनी वायर पुन्हा बोर्डात लावली होती. दुसऱ्या वेळी का लावली ते तिने सांगितलं नाही. त्यांना बघून आत गेली आणि बटण बंद केलं. डुकरं धक्क्याला सरावतात, तारेखालून उकरून जातात, हे मला माहीत आहे. मी तिथे असताना बोलले नव्हते.

बॅटरी मी पाठवली. हरभरा निघाला की तार काढते, असं सुनीता म्हणते. पुढे तिथे उन्हाळी भुईमूग घ्यायचा विचार आहे, असंही म्हणते. भुईमुगाला डुकरं हरभऱ्याहून जास्त येतात.

मागच्या आठवड्यात मी सरांना विचारलं, ‘‘तुम्ही एखाद दिवस बाहेरगावी गेलात, तर कोण ऐकणार?’’



‘‘म्हणून तर कुठं जाऊन नाही राहिलो,’’ ते म्हणाले.